दोन डोळे, बारा हात आणि कुंपणाबाहेरचे आपण

मराठी वाचकाला तुरुंग अपरिचित नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनीच उतरवून घेतली. आमच्या नागपुरातही १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात गावोगावचे सत्याग्रही तुरुंगात जाऊन बसले. अशा आठवणींमुळे मराठी साहित्यात तुरुंगाला आश्रमाची कळा आली आहे. तेथे चिंतन होते, प्रार्थना होते, ग्रंथ लिहिले जातात. परंतु या आश्रमात बसलेला माणूस निरपराध आहे, किंबहुना आपल्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. ज्याच्या हाताला खरोखरच दुसऱ्याचे रक्त लागले आहे, अशा माणसाचा तुरुंग आमच्या साहित्याने क्वचितच आतून पाहिला.

तो पाहण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी माणसांनी केला, आणि तो पुस्तकातून नव्हे तर पडद्यावर केला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली आला. भाषा हिंदी असली तरी कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे आणि माती सर्वस्वी आमच्या माणदेशाची. गुन्हेगाराला तुरुंगात धाडायचे ते शिक्षा भोगण्यासाठी की सुधारण्यासाठी, हा वाद आजही घरोघर निघतो. वर्तमानपत्रात एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी आली की जेवणाच्या ताटावरच निकाल दिले जातात. या वादात ज्यांना सुधारणेची बाजू घ्यायची असते ते हमखास या चित्रपटाचा दाखला देतात. म्हणून या चित्रपटाकडे आज पुन्हा एकदा, भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून, पाहावे असे आम्हांस वाटते.

प्रथम त्याचे मूळ सांगितले पाहिजे. औंध हे साताऱ्याकडील एक लहानसे संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना स्वीकारली. या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या जोडीला मॉरिस फ्रिडमन नावाचा एक माणूस होता. फ्रिडमन मूळचे पोलंडचे, जन्माने ज्यू, व्यवसायाने इंजिनियर. ते भारतात आले आणि गांधीजींच्या विचाराने भारावून येथेच राहिले. त्यांना 'भारतानंद' म्हणत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीबाहेर काढून उघड्या रानात वसवावे, ही कल्पना त्यांची. त्यातून आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही वसाहत १९३९ साली उभी राहिली. माडगूळकर हे त्याच आटपाडीच्या परिसरातले, शेटफळे गावी जन्मलेले. घराजवळ घडलेली गोष्ट त्यांनी कथेत आणली.

चित्रपटात आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या शिक्षेवरील सहा कैद्यांना मागून घेतो. त्यांना एका ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून ती जमीन कसून घेतो. पळून जाण्याचा मोह त्यांना होतो, तेव्हा जेलरचे डोळे त्यांना अडवितात. माळ हिरवा होतो. कैदी आपली भाजी रास्त भावाने बाजारात नेऊन विकतात आणि तेथील बड्या व्यापाऱ्याचे पित्त खवळते. अखेरीस शेताची नासधूस करण्यासाठी सोडलेल्या बैलांशी झुंजताना जेलर प्राण सोडतो. या झुंजीच्या चित्रीकरणात खुद्द शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले आणि त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेचा, म्हणजे ओ.सी.आय.सी.चा पुरस्कारही मिळाला. ज्या चित्रपटात कोठे क्रूस नाही, चर्च नाही, त्याला कॅथॉलिक परीक्षकांनी आपला म्हटले, ही गोष्ट आमच्या कुटुंबांतून फारशी कोणाला ठाऊक नसते.

परीक्षकांना त्यात काय दिसले असेल, हे ओळखणे कठीण नाही. जेलर आपल्या कैद्यांना उपदेश कमी करतो आणि काम अधिक देतो. हातकडी काढून त्याच हातात तो कुदळ देतो. शीर्षकातील 'बारा हात' हे खुनी हात आहेत आणि तेच हात नांगरट करतात, रोपे लावतात, तराजू धरतात. माणसाने केलेले कृत्य आणि माणूस यांच्यात अंतर आहे, हे या चित्रपटाने एका शब्दाचे प्रवचन न देता सांगितले. शिवाय त्याने कैद्यांना देवदूत केले नाही. ते चिडतात, डगमगतात, खेळणी विकणाऱ्या चंपाला पाहून पाघळतात. सुधारणा ही एका रात्रीत होणारी जादू नसून नांगरटीसारखे पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम आहे, ही त्याची जाण आजही टवटवीत वाटते.

असे असूनही या चित्रपटावर आमचे तीन आक्षेप आहेत. ते तंत्रासंबंधी नाहीत. ज्या प्रश्नाला हा चित्रपट उत्तर म्हणून पुढे केला जातो, त्या प्रश्नासंबंधी आहेत.

पहिला आक्षेप डोळ्यांसंबंधी. कैदी पळत नाहीत याचे कारण जेलरचे डोळे त्यांच्या पाठीशी लागतात. हे डोळे करुणेचे आहेत हे खरे. तथापि ते दुसऱ्याचे डोळे आहेत. तुरुंगातील पहारेकरीही डोळ्यांनीच राखण करतो. आदिनाथाने बंदूक बाजूला ठेवून पहारा तेवढा कायम ठेवला, असे म्हणता येईल. ज्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो ती दुसऱ्याच्या डोळ्यांत नसते, आपल्याच आत असते. कोणी पाहत नसताना ती बोलते. चित्रपटात जेलरच्या मृत्यूनंतरही ते डोळे उरतात आणि प्रेक्षक सद्गदित होतो. आमच्या मनात मात्र प्रश्न उठतो, की हे सहा जण शेवटपर्यंत त्या डोळ्यांचेच कैदी राहिले की काय? सुधारलेला माणूस तो, ज्याला राखणदाराची गरज उरत नाही. चित्रपट त्याच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो.

दुसरा आक्षेप जेलरसंबंधी. शांतारामांनी त्याला हुतात्मा केले. नाट्याला ते शोभले, पण त्यातून प्रेक्षकाने असा अर्थ घेतला की सुधारणा घडायची तर असा एखादा संत लाभला पाहिजे, आणि असे संत रोज कोठून मिळणार? म्हणून डोळे पुसून प्रेक्षक घरी गेला आणि तुरुंग होते तसेच राहिले. प्रत्यक्ष स्वतंत्रपूरची कहाणी याहून साधी आहे, आणि आमच्या मते याहून मोठी आहे. फ्रिडमन तेथून पुढे गेले, औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, राजे गेले. वसाहत राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात, राज्याच्या तुरुंग खात्याच्या व्यवस्थेखाली आहे. तेथे कैदी आपल्या बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. तेथे बैलांशी झुंज नाही आणि आकाशात डोळेही नाहीत. घरी चूल पेटते, मूल शाळेत जाते, पिकाला पाणी द्यावे लागते. माणसाला माणसात ठेवण्याचे काम या रोजच्या गोष्टी करतात. चित्रपटाला संत लागला. स्वतंत्रपूरला चालती व्यवस्था पुरली.

व्यवस्थेचा विचार निघाला की संख्येचा विचार टळत नाही. चित्रपटात एका जेलरमागे सहा कैदी आहेत आणि सहाही निःसंशय दोषी आहेत. आपल्या देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सरकारी आकडेवारीनुसार ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. शंभरांच्या जागेत सुमारे १३१. त्यांपैकी दर चारांमागे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप कोणत्याही न्यायालयाने सिद्ध मानलेला नव्हता. या तिघांना शिक्षा करायची की सुधारायचे? दोन्ही शब्द येथे अस्थानी आहेत. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ८३ व्या वर्षी, कंपवाताने हात थरथरत असताना, ऑक्टोबर २०२० मध्ये तळोजाच्या तुरुंगात गेले, आणि ५ जुलै २०२१ रोजी खटला उभा राहण्यापूर्वीच वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारले. आमच्या नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात चाकाच्या खुर्चीवर वर्षे काढलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये निर्दोष सोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा मृत्यू झाला. शिक्षा की सुधारणा या वादाला बसण्यापूर्वी, आत कोण बसले आहे, हे आधी विचारले पाहिजे. 'दो आँखें बारह हाथ' हा प्रश्न विचारीत नाही. त्याच्या कथेला त्याची गरज नव्हती, हे मान्य. पण त्याचा दाखला देणाऱ्यांना तो विचारावाच लागेल.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे सहा जण खुनी आहेत. मग त्यांच्या हातून मेलेले कोण होते? त्यांच्या घरी कोण उरले? चित्रपट संपल्यावर त्या घरांची आठवण प्रेक्षकाच्या मनात उरत नाही. माळ हिरवा झाला याचा आनंद होतो, पण कोठेतरी एका अंगणात जे कायमचे ओसाड झाले त्याचे काय, हे कोणी विचारीत नाही. शिक्षेची बाजू घेणारी माणसे नेमके हेच विचारतात, आणि त्यांना निर्दय म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यातील याकूब मेमन याला ३० जुलै २०१५ रोजी सकाळी नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी देण्यात आली. वर्धा रस्त्यावरील त्या भिंतीवरून आपण रोज ये-जा करतो. त्या दिवशी या शहरात जे समाधान मानणारे होते त्यांच्यात सूडाची भावना असेलही, पण एक न्याय्य आकांक्षाही होती, की गेलेल्यांचा हिशेब कोणीतरी मांडावा.

ख्रिस्तसभेने ही आकांक्षा नाकारलेली नाही. तिच्या धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २२६६ व्या परिच्छेदात शिक्षेचा पहिला हेतू सांगितला आहे तो गुन्ह्याने विस्कटलेली घडी पुन्हा बसविण्याचा. अपराध्याने ती शिक्षा मनापासून स्वीकारली तर तिला प्रायश्चित्ताचे मोल येते, आणि होता होईल तो तिने त्याच्या सुधारणेलाही हातभार लावावा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे शिक्षा आणि सुधारणा यांना परस्परांच्या विरोधात उभे करण्याची पद्धतच मुळी आपली नव्हे. त्यापुढच्याच, २२६७ व्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली बदल करविला आणि देहदंड कोणत्याही स्थितीत स्वीकारता येणार नाही असे स्पष्ट केले. हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचले की त्यांतील सुसंगती ध्यानी येते. घडी पुन्हा बसवायची असेल, तर ती बसविणारा माणूस जिवंत हवा.

आपल्या प्रायश्चित्त संस्कारात हेच आहे. पश्चात्ताप, पापकबुली आणि भरपाई या तिन्ही गोष्टी तेथे लागतात. संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय प्रभूला घरी पाहून नुसता गहिवरत नाही. ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याच शुभवर्तमानात क्रूसावरचा गुन्हेगार स्वर्गाचे दान मागण्याआधी, आपल्याला मिळाली ती शिक्षा योग्यच आहे, असे कबूल करतो. या कसोटीला लावले तर आमच्या ध्यानी येते की कोठडीत वर्षे मोजत बसलेल्या कैद्याला केवळ शिक्षा देणारा तुरुंग एका अर्थी स्वस्तात सोडतो. चौदा वर्षे भरली, हिशेब मिटला. आपण काय केले हे त्याने कोणाच्या तोंडावर म्हणावे लागत नाही, कोणाचे काही भरून द्यावे लागत नाही. दुसऱ्या बाजूने, त्या सहा जणांकडून भाजी पिकवून घेणारा जेलरही त्यांना तेथवर नेत नाही. बारा हातांनी जमीन कसली. ज्यांचे घेतले त्यांच्याकडे ते हात वळले नाहीत.

ते वळू शकतात, याचे उदाहरण नागपूरपासून फार दूर नाही. मध्य प्रदेशात उदयनगरच्या परिसरात आदिवासी शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये भोसकून मारण्यात आले. मारेकरी समंदरसिंग याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे या कुटुंबाने आणि त्यांच्या संघाच्या भगिनींनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

ही घटना आणि शांतारामांचा चित्रपट शेजारी ठेवून पाहावा. चित्रपटात क्षमा करणारा जेलर आहे. पण कैद्यांनी त्याचे काही बिघडविलेले नव्हते. ज्याचे काही गेलेले नाही त्याने क्षमा करणे सोपे असते. इंदुरात जिचे गेले ती स्वतः आली. आणि शिक्षाही रद्द झाली नाही. अकरा वर्षे ती भोगून झाली होती. त्या राखीने शिक्षेला अर्थ दिला, कारण आपण कोणाचे काय घेतले हे समंदरसिंगला कोठल्याही न्यायालयाच्या निकालपत्रापेक्षा त्या धाग्याने अधिक स्पष्ट सांगितले असणार. अर्थात प्रत्येक दुखावलेल्या कुटुंबाकडून अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. क्षमा मागून घेता येते, वसूल करता येत नाही. परंतु अशी भेट घडू शकेल एवढी वाट तरी तुरुंगाने मोकळी ठेवावी, हे मागणे अवाजवी नव्हे.

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो, आणि तो आपल्या घरांसंबंधी आहे. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझराब्ल' या १८६२ सालच्या कादंबरीत ज्याँ व्हॅलज्याँ एकोणीस वर्षांची सक्तमजुरी भोगून सुटतो. पाव चोरला आणि मग पळण्याचे प्रयत्न केले म्हणून ही शिक्षा. सुटल्यानंतर एका रात्री खिशात पैसे असूनही त्याला कोठल्या खानावळीत जागा मिळत नाही, कारण सुटलेल्या कैद्याचा पिवळा दाखला त्याच्यापाशी आहे. शेवटी दार उघडते ते महागुरू मिरियल यांचे. ह्यूगोची दृष्टी येथे शांतारामांपेक्षा तीक्ष्ण आहे. चित्रपटातील जेलर तुरुंगाचे दार उघडतो. कादंबरीतील महागुरू आपल्या घराचे दार उघडतात. पहिले काम सरकार करू शकते. दुसरे सरकारला जमणारे नाही.

सरकारचे काम अगदीच थांबले आहे असे नव्हे. विदर्भात मोर्शी येथे खुले कारागृह आहे. १८९४ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या जागी नवी व्यवस्था आणणारे, कारागृहे व सुधारसेवा यांसंबंधीचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातील हिवाळी अधिवेशनात संमत झाले. कायद्याच्या नावात 'सुधारसेवा' हा शब्द आला, ही चांगली गोष्ट आहे. पण मोर्शीहून किंवा वर्धा रस्त्यावरून सुटलेला माणूस ज्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडतो, त्या दिवसानंतर त्याला खोली कोण भाड्याने देणार, कामावर कोण ठेवणार, त्याच्या मुलीच्या लग्नाला कोण जाणार, हे कोणत्याही अधिवेशनात ठरत नाही. ते आपल्या गल्लीत, आपल्या धर्मग्रामात ठरते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू तुरुंगात भेटायला आलेल्यांची आठवण ठेवतो; त्याच ओळीच्या आसपास तो परक्याला घरात घेणाऱ्यांचीही ठेवतो. नाताळात आपण कैद्यांना मिठाई नेतो, गाणी म्हणतो. ते चांगलेच आहे. त्यातलाच एखादा कैदी सुटून पुढच्या नाताळात आपल्या बाकावर शेजारी येऊन बसला, तर आपण किती सरकून बसू?

'दो आँखें बारह हाथ' आमच्या तरुण मंडळांनी आणि युवक शिबिरांनी अवश्य दाखवावा. तो मोठा चित्रपट आहे, आणि त्यातील विश्वास अस्सल आहे. मात्र दाखवून झाल्यावर दिवे लावून लगेच घरी जाऊ नये. मेलेल्यांच्या घरांविषयी बोलावे, निकालाविना आत बसलेल्यांविषयी बोलावे, आणि शेवटी आपल्या धर्मग्रामात सुटून आलेल्या माणसाला काम देऊ शकेल असे दुकान, असे शेत, असा कारखाना कोणाकोणाचा आहे, याची एक यादी करावी. त्या यादीत पहिली दोन नावे पडली, तरी वसाहतीची सुरुवात झाली असे समजावे. आटपाडीलाही सुरुवात याहून फार मोठी नव्हती.